कालव्याच्या कडेची मुरमाची वाट आपलीही आहे

"रोज अर्धा तास चाला" हा सल्ला आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. दवाखान्यातले डॉक्टर सांगतात, आशाताई सांगतात, टीव्हीवरचे सांगतात. सल्ला चुकीचा नाही. पण चालायचे कुठे, हे कोणी सांगत नाही. शहरातल्या सोसायटीत बाग असते, जॉगिंग ट्रॅक असतो. आपल्या वस्तीत घराला घर लागून असते. गल्लीत पाण्याचे हंडे, उभ्या गाड्या आणि खेळणारी पोरे. गल्ली संपली की मोठा रस्ता. सणसर, भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे या पट्ट्यात तर तो रस्ता म्हणजे बारामती-इंदापूरचा हमरस्ता. आता पालखी मार्ग म्हणून तो चौपदरी होतो आहे. त्यावरून गाड्या कशा सुटतात, ते आपण रोज पाहतो. हंगामात त्याच रस्त्याला उसाने भरलेले, मागे साधा लाल दिवाही नसलेले जोड-ट्रेलर. अशा रस्त्याच्या कडेने पन्नाशीतल्या बाईने किंवा बारा वर्षांच्या मुलीने आरोग्यासाठी फिरावे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पण याच पट्ट्यात एक दुसरी वाट आहे. तिच्यावर गर्दी नाही, हॉर्न नाही, धूर नाही. कडेला पाणी आहे, झाडांची सावली आहे. ती म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरची मुरमाची वाट. माझे म्हणणे साधे आहे. ही वाट आणि घरात धूळ खात पडलेली जुनी सायकल, या दोन गोष्टी एकत्र आणल्या तर आपल्या वस्तीला लाखभर रुपयांच्या व्यायामशाळेची गरज नाही. आणि ती वाट सुरक्षित ठेवणे हे सरकारचे काम आहे. ते आपण मागून घेतले पाहिजे.

जगात ज्याचा शौक झाला आहे

गेल्या दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेत सायकलीचा एक नवा प्रकार फार चालला आहे. त्याला 'ग्रॅव्हल बाईक' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. डांबरी रस्ता सोडून कच्च्या, शांत वाटांवरून लांब जाण्यासाठी ही सायकल बनवलेली असते. आल्प्स पर्वतातल्या तळ्यांभोवती आणि त्याच्या पायथ्याशी अशा वाटा मुद्दाम राखल्या आहेत. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या सीमेवर बोडेनसे नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठाने अडीचशे किलोमीटरहून लांब सायकल मार्ग आहे. म्हातारी माणसे, लहान मुले घेऊन निघालेली कुटुंबे, सगळे त्यावरून फिरतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या गावी 2006 पासून कच्च्या रस्त्यांवरची 200 मैलांची शर्यत होते. 2022 मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्याकडेही पुण्या-मुंबईचे हौशी लोक अशा सायकली घेतात. किंमत पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंत.

आता या महागड्या सायकलीत असते काय, ते पाहा. टायर जाड असतात, साधारण 35 ते 50 मिलिमीटर. चाक आणि चौकट यांच्यात मोकळी जागा ठेवलेली असते, म्हणजे चिखल अडकू नये. बसण्याची ढब अशी की दिवसभर चालवली तरी पाठ धरू नये. आपल्या आजोबांची काळी, दांड्याची, मागे कॅरिअर असलेली सायकल आठवा. तिचा टायर 28 बाय दीड इंचाचा. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर! दुधाचे कॅन बांधून, गवताचा भारा लादून, मागे बायको आणि दांड्यावर पोर बसवून ती सायकल याच पाटाच्या वाटेने तीस-तीस वर्षे चालली. फरक नाही असे मी म्हणत नाही. नव्या सायकलीचे वजन निम्मे असते, तिला गिअर असतात, ब्रेक उत्तम असतात. चढावर आणि लांब पल्ल्याला त्याचा उपयोग होतो. पण कालव्याची वाट सपाट असते. पाणी वाहावे म्हणून कालव्याला जो अगदी हलका उतार दिलेला असतो, तोच तिचा उतार. तिथे गिअरवाचून काही अडत नाही.

थोडक्यात, ज्या मुरमाच्या वाटेची आणि ज्या सायकलीची आपल्याला लाज वाटू लागली, त्याच दोन गोष्टींसाठी पैसेवाली माणसे आज लाखो रुपये मोजत आहेत.

लाज कुठून आली

ही लाज उगाच आलेली नाही, हेही समजून घेतले पाहिजे. सायकल ही गरिबाची खूण होती. त्याआधी तर सायकलवर बसणे हेच आपल्या माणसाला नाकारलेले होते. देशातल्या कित्येक गावांत सवर्णांच्या आळीतून जाताना दलित माणसाला सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालावे लागे. म्हणून आपल्या बापाने पहिली सायकल घेतली तेव्हा तो मान होता. पुढे पोराला कंपनीत काम लागले. त्याने पहिल्या पगारावर हप्त्याने मोटारसायकल घेतली, तोही मान होता. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. कामावर वेळेत पोहोचायला, रात्री-अपरात्री पेशंट न्यायला मोटारसायकल लागतेच.

पण मान एका गोष्टीत आणि आरोग्य दुसऱ्या गोष्टीत, अशी आता वेळ आली आहे. दुकानातून पुडीभर साखर आणायलाही आपण किक मारतो. पोरगा दोनशे पावलांवरच्या शाळेतही गाडीवर मागे बसून जातो. शरीराला रोज फुकट मिळणारे हालणे आपण हप्त्याने विकून टाकले. आणि त्या जागी घरात गोळ्यांचा डबा आला.

साखर आणि रक्तदाब आता वस्तीतही

मधुमेह हा शेठ-सावकारांचा रोग, अशी आपल्याकडे समजूत होती. ती आता मोडीत निघाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. आणखी सुमारे 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब तर शंभरातल्या 35 प्रौढांना आढळला. आपल्या वस्तीत हे आकडे मोजत बसण्याची गरज नाही. कोणत्याही गल्लीत सकाळी कोणाकोणाच्या घरी उपाशीपोटीची गोळी घेतली जाते, एवढे विचारा, उत्तर मिळेल.

सायकल यात काय करते? पायडल मारताना मांडीचे आणि नितंबाचे स्नायू काम करतात. हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. काम करताना ते रक्तातली साखर खेचून घेतात. व्यायाम थांबल्यावरही तो परिणाम साधारण एक दिवस, कधी त्याहून थोडा जास्त टिकतो. म्हणूनच मधुमेह असलेल्याने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. नियमाने केले तर रक्तदाबही काही अंकांनी खाली येतो. आणि महत्त्वाचे म्हणजे गुडघे. वजन जास्त असलेल्या, गुडघे धरलेल्या माणसाला चालणे जड जाते. सायकलवर अंगाचे बरेचसे वजन सीटवर असते. त्यामुळे गुडघ्याला हालचाल मिळते, पण भार कमी पडतो.

किती चालवायची? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटे. 150 मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. सावकाश चालवली तरी अर्ध्या तासात पाच-सहा किलोमीटर होतात. म्हणजे वस्तीपासून कालव्यावर यायचे, अडीच-तीन किलोमीटर जायचे आणि परत फिरायचे. मध्यम व्यायाम ओळखायची खूण सोपी आहे. सायकल चालवताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये.

"दिवसभर राबतो, वर व्यायाम कशाला?"

हा प्रश्न आपल्या वस्तीत पहिला येतो आणि तो योग्यच आहे. जी बाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपते, जो माणूस ऊस तोडतो, मोळ्या वाहतो, विटा उचलतो, त्याच्या शरीराला हालचाल कमी नाही. त्याला हवी आहे विश्रांती, पोटभर सकस जेवण आणि कामाचे योग्य दाम. त्याला व्यायामाचे प्रवचन देणे म्हणजे त्याच्या कष्टाची चेष्टा आहे. मी ते करत नाही. रानात पायी जाणाऱ्या बाईला सायकल मिळाली तर तिची रोजची तंगडतोड वाचेल, एवढेच तिच्यापुरते म्हणणे आहे.

पण आपली सगळी वस्ती आता रानात राबत नाही. आपल्यातले कोणी एमआयडीसीत बारा-बारा तास खुर्चीवर बसून राखण करतात. कोणी टेम्पो, रिक्षा, जेसीबी चालवतात. कोणी दुकानात, कोणी ऑफिसात, कोणी शिलाई मशीनवर. पोरे-पोरी अभ्यासाला बसतात आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, आपण शिकलो. शिकल्यावर बसायचे काम आले, हे प्रगतीचेच लक्षण आहे. पण बसायच्या कामाबरोबर बसायच्या कामाचे रोगही येतात. त्यांचा बंदोबस्त आपणच केला पाहिजे. शिकून नोकरीला लागलेला मुलगा चाळिशीत हृदयविकाराने गेला, तर एका घराची दोन पिढ्यांची कमाई जाते.

आपला कालवा, आपली तळी

आल्प्समधले तळे आपल्याला पाहायला मिळेल न मिळेल. पण आपल्या तालुक्यातही पाणी आहे आणि त्याला इतिहास आहे. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढला. 1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर या कोरड्या मुलखाला पाणी देण्याची ती योजना होती. भाटघर धरणाचे पाणी नीरा नदीतून येऊन या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरकडे वाहते. लांबी शंभर मैलांच्या घरात. सणसर हे या कालव्यावरचे महत्त्वाचे ठिकाण. 'सणसर कट' हे नाव तर पाण्याच्या भांडणामुळे तालुकाभर सगळ्यांना पाठ आहे. हाच कालवा पुढे लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकीच्या बाजूने जातो. शेटफळ हवेलीचा जुना तलाव याच कालव्याच्या पाण्याने भरतात.

उत्तरेला भीमेवर उजनीचे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याचे फुगवट्याचे पाणी पळसदेव, भिगवण, कुंभारगाव, डिकसळपर्यंत पसरले. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसते, लोक त्याचे फोटो काढतात. पण त्या पाण्याखाली गावे गेली आणि त्या गावांच्या कडेचे महारवाडेही गेले. फोटोत ते दिसत नाहीत. आपल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र ते आठवतात. पोरांना घेऊन एखाद्या रविवारी या पाण्याच्या काठाने सायकलवर जावे आणि आपल्या आजीचे गाव कुठे होते ते दाखवावे. शाळेच्या सहलीत हा धडा शिकवत नाहीत.

पाण्याच्या काठावर जाण्याचा प्रश्न आपल्यासाठी कधीच साधा नव्हता. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. ती लढाई सार्वजनिक जागा सर्वांची आहे, या एका गोष्टीसाठी होती. कालव्याचे पाणी आपल्या रानात आले नाही, कारण बहुतेकांना रानच नव्हते. निदान त्याच्या काठाची वाट, तिथली हवा आणि सावली तरी आपल्या वाट्याला आली पाहिजे. सकाळी सहाला तिथे फिरणाऱ्यांत आपली माणसेही दिसली पाहिजेत.

मुली आणि बायांचे काय

"पोरीला एकटीला कालव्यावर कसे पाठवायचे?" ही आईची काळजी खरी आहे. त्यावर घरात बसवणे हा उपाय नाही. चार-पाच जणींनी मिळून जाणे हा उपाय आहे.

तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा मागास, दुष्काळी जिल्हा आहे. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे साक्षरता मोहीम चालली. त्या मोहिमेत बायांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतमजूर बाया, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडी सेविका, दलित वस्त्यांतल्या तरुणी अशा हजारो जणी सायकल शिकल्या. सुरुवातीला लोक हसले, टोमणे मारले. बायांनी ऐकून घेतले आणि पायडल मारत राहिल्या. बाजार, पाणी, दवाखाना, मुलांची शाळा, सगळे हाताशी आले. कोणाच्या मागे बसण्यासाठी वाट पाहावी लागेना. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले म्हणून जगाला कळले. त्या बायांकडे भारीतली सायकल नव्हती. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा पुरुषी दांड्याच्या सायकलीही त्यांनी चालवल्या.

आपल्या वस्तीत चाळिशीच्या किती बायांना सायकल येते? ज्यांना शाळेत असताना येत होती, त्यांनी लग्नानंतर किती वेळा चालवली? विहारातल्या महिला मंडळाने हा विषय घ्यावा. साडीची अडचण वाटत असेल तर सलवार-कमीज घालावा. सासूबाईंनीही त्यात कमीपणा मानू नये. उलट ज्या सासूचे गुडघे बरे आहेत तिनेही शिकावे.

निघण्याआधी

आता थोडे कामाचे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. हृदयाचा त्रास झालेला असेल, थोडे चालल्यावर छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. सायकल चालवताना छातीत दडपण आले, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, तर लगेच थांबावे आणि 108 ला फोन करावा. "गॅस झाला असेल" म्हणून वेळ घालवू नये.

इन्सुलिन किंवा साखर फार उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात गुळाचा खडा, साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. अचानक घाम, हातपाय थरथरणे, भोवळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. लगेच गोड खावे आणि बसून राहावे. मधुमेह असलेल्याने चप्पल न घालता बूट घालावेत. रोज रात्री तळपाय पाहावेत. काटा रुतला तरी पायाला कळत नाही आणि त्याची जखम चिघळते.

सायकलची सीट बहुतेकांची फार खाली असते, म्हणून गुडघे दुखतात. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवावी. तेव्हा पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. दोन्ही ब्रेकचे रबर नवे टाकावेत. चेनला तेल द्यावे, घंटी बसवावी आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावावा. जुनी सायकल दुकानातून नीट करून घ्यायला काही शे रुपये लागतील. त्यापेक्षा महाग तर एका महिन्याच्या गोळ्या असतात.

कालव्याच्या वाटेवर सर्वांत मोठा वैरी म्हणजे वेड्या बाभळीचा काटा. पंक्चरचे ठिगळ, सोल्यूशन, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप एवढे गटात एकाकडे तरी असावे. पंक्चर काढणे प्रत्येक मुला-मुलीला आले पाहिजे. मुरमावर टायर दगडासारखा टणक फुगवू नये. थोडी हवा कमी ठेवली तर सायकल उडत नाही आणि घसरतही नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्डमध्ये गच्च बसतो, चाक फिरेनासे होते. ज्या तुकड्यात मुरूम नाही तिथे त्या दिवसांत जाऊच नये.

आणि पाणी. कालव्याला आवर्तन सुटलेले असते तेव्हा वरून शांत दिसणारे पाणी आत जोरात ओढत असते. अस्तर केलेल्या कालव्याचा काठ निसरडा असतो. आत पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. म्हणून सायकल नेहमी पाण्यापासून लांबच्या बाजूने चालवावी. दोघांनी शेजारी-शेजारी चालवून एकाला काठावर ढकलू नये. चाके, हातपाय धुवायला खाली उतरू नये. लहान मुलांबरोबर मोठे माणूस हवेच. उजाडल्यावर निघावे. अंधारात कुत्री, साप, आणि आता उसात बिबट्याचीही चर्चा असते. उन्हाळ्यात आठच्या आत घरी यावे. एक बाटली पाणी सोबत ठेवावे.

पहिल्याच दिवशी शेटफळच्या तलावापर्यंत जायचा हट्ट धरू नये. पहिला महिना पाच किलोमीटरचाच. हळूहळू वाढवले तर हिवाळ्यात एखाद्या रविवारी मंडळी डबे बांधून तलावावर पोहोचतील.

मागायचे काय

आता शेवटचा आणि माझ्या मते मुख्य मुद्दा. "सायकल चालवा" एवढे सांगून आरोग्याची सगळी जबाबदारी माणसावर टाकणे सोपे असते. बोडेनसेच्या काठावर लोक फिरतात, ते तिथली माणसे जास्त शहाणी म्हणून नव्हे. तिथे वाट राखली जाते, पाट्या लावल्या जातात, गाड्यांना मज्जाव असतो, म्हणून ती फिरतात. आपल्याकडेही ठरवले तर होते. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर झाली. त्यासाठी कित्येक रस्ते नव्याने केले गेले. परदेशी खेळाडूंच्या काही दिवसांच्या शर्यतीसाठी डांबर पडते, ही चांगलीच गोष्ट आहे. मग वस्तीतल्या मुलीच्या रोजच्या अर्ध्या तासासाठी चार ट्रॉली मुरूम का पडू नये?

कालव्याची वाट जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे आणि ती देखभालीसाठी आहे. त्यामुळे मागणी रीतसर करावी. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. आपण तिथे जातो ते बहुतेक घरकुलाच्या यादीसाठी. यापुढे एक अर्ज याचाही असावा. वस्तीजवळच्या एक-दोन किलोमीटरच्या तुकड्यावरची काटेरी झुडपे काढावीत. खड्ड्यांत मुरूम टाकावा. वस्ती आणि शाळेजवळ काठाला कठडा करावा. आत पडलेल्याला वर येता येईल अशा पायऱ्या कराव्यात. कचरा, मेलेली जनावरे आणि पोल्ट्रीची घाण काठावर टाकणाऱ्यावर कारवाई व्हावी. यात न परवडणारे असे काहीच नाही. ग्रामसभेचा ठराव करून तो पाटबंधारे शाखेला पाठवावा आणि पोच घ्यावी.

पैसा कुठून, असे विचारतील. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के आणि जिल्हा परिषदेने 20 टक्के भाग मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. जिल्हा परिषदांच्या समाजकल्याण विभागाकडून मागासवर्गीय मुलींना सायकली देण्याच्या योजना याच पैशातून होतात. यंदा आपल्या गावात हा निधी किती होता आणि कशावर गेला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. वस्तीत पुन्हा एक स्वागत कमान उभी करायची की दहा मुलींना सायकली द्यायच्या, हे आपणच सांगितले पाहिजे.

आपल्या मंडळांनाही एक सुचवावेसे वाटते. 14 एप्रिलला आपल्याकडे मोटारसायकल रॅली निघते. ती जरूर निघावी. पण त्याच दिवशी सकाळी उन्हाच्या आधी एक फेरी सायकलींची निघावी. पुढे निळे झेंडे लावलेल्या मुली, मागे आया, मावश्या, आजोबा. विहारापासून कालव्यापर्यंत आणि परत. तिला पेट्रोल लागत नाही आणि डीजेही लागत नाही. मग दर रविवारी वंदना झाल्यावर तीच फेरी चालू ठेवावी. सहा महिन्यांनी त्या गटातल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब पुन्हा तपासून वहीत मांडावा. सुरुवातीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी-शेजारी लिहून विहाराच्या फळ्यावर लावायचा असेल तर नावे न लिहिता लावावा. आपल्या लोकांना माझ्या लेखापेक्षा तो फळा जास्त पटेल.

पुढच्या ग्रामसभेला जाताना अर्ज लिहून न्या. शक्यतो सायकलवरच जा.

जय भीम!